प्लेअर चांगला की तबकडी चांगली? : घरोघरच्या मतांचा आणि त्यांच्या मोजमापाचा इतिहास

गेल्या शतकाच्या अखेरीस भारतातील असंख्य घरांत दूरचित्रवाणी संचाशेजारी एक चपटी पेटी येऊन बसली. बटण दाबले की तिचा खण बाहेर येई, त्यात चकाकती तबकडी ठेवली की काही क्षणांत पडद्यावर चित्रपट सुरू होई. आधी व्हीसीडी प्लेअर आणि मग डीव्हीडी प्लेअर या नावाने ही पेटी ओळखली गेली. तिच्यासोबत घराघरांत मतेही आली. एकाच्या प्लेअरचे चित्र ‘काचेसारखे’ असे, दुसऱ्याच्या प्लेअरला ‘बेस’ नसे, तिसऱ्याचा प्लेअर पावसाच्या गाण्यात ‘चौकोन दाखवी’, तर चौथ्याचा प्लेअर ‘कितीही ओरखडे असलेली सीडी चालवी’. नवा प्लेअर घेणारा माणूस तांत्रिक माहितीपत्रक वाचण्याऐवजी शेजाऱ्याला आणि दुरुस्तीवाल्याला विचारत असे.

ही मते कितपत खरी होती? प्रश्न किरकोळ वाटतो, पण गेली पन्नास वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा याच प्रश्नाशी झुंजत आल्या आहेत. सामान्य प्रेक्षकाला चित्र कसे दिसले आणि आवाज कसा ऐकू आला हे मोजायचे कसे, याचे एक शास्त्रच त्यातून उभे राहिले. या इतिहासाच्या मध्यभागी बंगळुरूत जन्मलेल्या एका अभियंत्याचे गणित आहे, आणि प्रेक्षकांनी तक्रार केलेल्या त्या ‘चौकोनां’चा उगमही तेथेच आहे.

▪ आवाज अंकांत उतरला

घरगुती अंकीय तबकडीची सुरुवात आवाजापासून झाली. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरवलेल्या मानकानुसार पहिला सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. तबकडीचा व्यास १२ सेंटिमीटर. तिच्यावरील सूक्ष्म खड्ड्यांची सर्पिलाकार वाट आतून बाहेर जाते आणि तिच्या दोन फेऱ्यांमधील अंतर अवघे १.६ मायक्रॉन असते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर ही वाट वाचतो. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांच्या आकड्यात लिहिला जातो. डावी व उजवी वाहिनी धरून दर सेकंदाला सुमारे १४ लाख बिट वाहतात.

माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २० हजार हर्ट्झ. एखाद्या लहरीच्या वारंवारितेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कार्यातून सिद्ध झालेले होते. त्या आधारावर सीडीची जाहिरात ‘निर्दोष आणि चिरंतन आवाज’ अशी केली गेली. तरीही पाश्चात्त्य देशांतील काही ग्राहकांना हा आवाज कोरडा, टोचणारा वाटला. ती सारी तक्रार कल्पनेतली नव्हती. सुरुवातीच्या काही सीडी या ग्रामोफोनच्या तबकडीसाठी घडवलेल्या ध्वनिफितीवरूनच तयार झाल्या होत्या आणि पहिल्या पिढीतील गाळण्याही परिपूर्ण नव्हत्या. ग्राहकाच्या कानाला दोष जाणवला होता, पण त्याने तो ‘डिजिटल’ या कल्पनेच्या माथी मारला.

भारतात त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली. संगीताच्या बाजारात मात्र पुढे कितीतरी वर्षे कॅसेटचेच राज्य होते. सर्वसामान्य भारतीय घरात चकाकत्या तबकडीने खऱ्या अर्थाने पाऊल टाकले ते चित्रपट घेऊन, आणि त्यासाठी आधी एक अवघड हिशेब सुटावा लागला.

▪ तीस मेगाबिट सव्वा मेगाबिटांत

दर्शनी आकडेच पाहावेत. व्हीसीडीच्या चित्रात आपल्याकडच्या पाल पद्धतीत ३५२ उभे स्तंभ आणि २८८ आडव्या ओळी असतात, आणि दर सेकंदाला २५ चित्रे दाखवावी लागतात. रंगांची माहिती काटकसरीने लिहिली तरी दर सेकंदाला सुमारे ३ कोटी बिट, म्हणजे ३० मेगाबिट लागतात. सीडीची वाट देऊ शकत होती जेमतेम १.४ मेगाबिट, आणि त्यातूनच आवाजही बाहेर काढायचा होता. व्हीसीडीच्या मानकात चित्राच्या वाट्याला १.१५ मेगाबिट आले आणि आवाजाच्या वाट्याला ०.२२४ मेगाबिट. म्हणजेच चित्रातील दर २६ बिटांपैकी २५ बिट टाकून द्यायचे आणि प्रेक्षकाच्या ते लक्षात येऊ द्यायचे नाही!

हे काम ‘एमपेग’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केले. इटालियन अभियंते लिओनार्दो किआरिल्योने यांच्या पुढाकाराने हा गट १९८८ मध्ये स्थापन झाला. त्याचे पहिले मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी व्हीसीडीचेही मानक आले. ध्येय माफक होते : चित्र घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या तोडीचे असावे, एवढेच.

युरोप-अमेरिकेत व्हीसीडीने फारसे मूळ धरले नाही. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात मात्र ती वणव्यासारखी पसरली, आणि मागोमाग भारतातही. तबकडी छापणे कॅसेट भरण्याहून स्वस्त आणि वेगवान होते. दमट हवेत फितीला बुरशी लागते, तबकडीला तशी लागत नाही. हिंदी, तमिळ, भोजपुरी चित्रपट, मराठी नाटके, भजने, सारे काही व्हीसीडीवर आले. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत असल्याने अडीच तासांच्या चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या लागत, आणि मध्यंतर दिग्दर्शकाने योजलेल्या ठिकाणी न होता तबकडी संपेल तेथे होई.

▪ ‘फारच सोपी’ ठरलेली कल्पना

२६ पैकी २५ बिट टाकायचे, पण कोणते? याचे उत्तर नासिर अहमद यांच्या कामात आहे. १९४० मध्ये बंगळुरूत जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेले अहमद पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. चित्रातील माहिती दाटीने मांडण्याची सैद्धांतिकदृष्ट्या सर्वोत्तम रीत त्या वेळी ठाऊक होती. तिला कार्हुनेन-लोएव्ह रूपांतर म्हणतात. तिची अडचण अशी की प्रत्येक प्रकारच्या चित्रासाठी तिचे गणित नव्याने मांडावे लागे, त्यामुळे व्यवहारात ती अवजड होती. कोसाइन लहरींचा ठरावीक संच वापरूनही जवळजवळ तेवढाच परिणाम साधता येईल, असे अहमद यांना वाटले. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या संशोधनासाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता, असे अहमद यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या आठवणीत नोंदवले आहे.

अनुदान नसतानाही त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मद्रास विद्यापीठात शिकून टेक्सासमध्ये प्राध्यापक झालेले के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंध अवघा चार पानांचा. शीर्षक ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, मराठीत ‘विविक्त कोसाइन रूपांतर’. पुढे अंकीय छायाचित्रांचे जेपेग मानक, एमपेग मानके आणि त्यांवर चालणारा प्रत्येक व्हीसीडी व डीव्हीडी प्लेअर याच गणितावर उभा राहिला.

त्याची रीत अशी. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे छोटे चौकोन करायचे. एका चौकोनात ६४ बिंदू. त्या ६४ आकड्यांचे रूपांतर दुसऱ्या ६४ आकड्यांत करायचे. त्यांतील पहिला आकडा चौकोनाची सरासरी उजळता सांगतो, पुढचे काही आकडे संथ चढउतार सांगतात आणि शेवटचे आकडे बारीक तपशील सांगतात. आकाश, भिंत, गाल अशा भागांत पहिले चार-दोन आकडेच मोठे असतात, उरलेले शून्याच्या आसपास. डोळाही बारीक तपशिलातील चुकांबाबत उदार असतो. त्यामुळे ते शेवटचे आकडे ढोबळ करून टाकले किंवा पुसलेच, तरी चित्र फारसे बिघडत नाही. याच्या जोडीला एमपेग एक युक्ती करते : लागोपाठच्या चित्रांत जे बदलले नाही ते पुन्हा लिहायचे नाही, आणि जे सरकले त्याची फक्त दिशा व अंतर लिहायचे.

आता पावसातले गाणे आठवावे. हजारो थेंब, नाचणारा समूह, फिरणारा कॅमेरा. शेजारचा कोणताही चौकोन मागच्या चित्रातील चौकोनासारखा नाही, आणि प्रत्येक चौकोनात बारीक तपशील ठासून भरलेला. व्हीसीडीकडे मात्र तेवढेच १.१५ मेगाबिट. अशा वेळी संकेतक इतके आकडे पुसतो की प्रत्येक चौकोनाजवळ केवळ आपली सरासरी उजळता उरते आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. प्रेक्षक म्हणत, ‘चित्र फुटले’, ‘डबे दिसतात’. त्यांचे निरीक्षण अचूक होते. त्या क्षणी त्यांना पडद्यावर विविक्त कोसाइन रूपांतराचा सांगाडाच दिसत होता. निदान मात्र चुके. ते चौकोन तबकडी तयार होतानाच तिच्यात कोरले गेले होते. महागडा प्लेअर आणला तरी तेच दिसले असते.

▪ ओरखड्यांची परीक्षा

घरगुती मतांमध्ये एक मत मात्र थेट प्लेअरविषयीच होते आणि ते बहुधा बरोबर असे. ‘हा प्लेअर कोणतीही सीडी चालवतो.’ भाड्याने आणलेल्या, हातोहात फिरलेल्या, कागदी पाकिटात घासलेल्या तबकड्यांच्या देशात ही कसोटी स्वाभाविकच होती.

तिच्यामागचे शास्त्र असे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये एक संकेतप्रणाली मांडली. मूळ आकड्यांसोबत काही जादा आकडे हिशेबाने जोडले, तर वाटेत हरवलेले किंवा बिघडलेले आकडे पुन्हा शोधून काढता येतात, हे तिचे मर्म. दूरच्या ग्रहांजवळून व्हॉयेजर यानाने पाठवलेल्या चित्रांसाठी तिचा उपयोग झाला आणि घरातल्या सीडीसाठीही झाला. सीडीवर शेजारचे आकडे शेजारी लिहीत नाहीत, तर ते दूरदूर विखुरतात. त्यामुळे ओरखड्याने एका ठिकाणची सलग वाट पुसली तरी तोटा अनेक ठिकाणी थोडाथोडा वाटला जातो. वाटेवर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा सलग खंड अशा रीतीने पूर्ण भरून काढता येतो.

त्याहून मोठी जखम झाली तर गाण्याची सीडी आणि चित्रपटाची व्हीसीडी यांच्या वाटा वेगळ्या होतात. गाण्यात हरवलेला नमुना मागच्या-पुढच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरता येतो, कानाला तो कळतही नाही. व्हीसीडीतील आकडे संपीडित असतात, तेथे अंदाजाला जागा नाही. शिवाय संगणकाच्या सीडीवर दुरुस्तीचा जो एक जादा थर असतो, तो व्हीसीडीच्या चित्रपटाच्या भागांत जागा वाचवण्यासाठी गाळलेला आहे. आणि एका चित्रातील चूक पुढच्या चित्रांत उतरत जाते, कारण पुढची चित्रे मागच्यांच्या आधारे रचलेली असतात. पुढचे स्वयंपूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर विस्कटलेले चौकोन ठाण मांडून बसतात. ज्या तबकडीतले गाणे निर्वेध वाजे, तेवढ्याच ओरखड्यांच्या व्हीसीडीवर नायकाचा चेहरा विस्कटे, त्याचे कारण हे.

येथे प्लेअर-प्लेअरमध्ये खरा फरक होता. लेझरचे भिंग नेमके केंद्रित ठेवणारी यंत्रणा, वाट सुटली तर ती पुन्हा पकडण्याची चपळाई, न वाचलेला भाग ओलांडून पुढे जाण्याची तयारी, या गोष्टी यंत्रागणिक बदलत. स्वस्त प्लेअर या कामात नामवंत प्लेअरला मागे टाकत असल्याचा अनुभव अनेकांना आला, आणि तो अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. ओरखडेदार तबकड्यांच्या बाजारासाठी घडवलेले यंत्र आणि स्वच्छ तबकड्यांच्या बाजारासाठी घडवलेले यंत्र यांचे अग्रक्रम वेगळे असणारच.

तबकडी पुसण्याच्या घरगुती रीतींनाही हेच शास्त्र लागू पडते. ग्रामोफोनच्या सवयीने पुष्कळजण सीडी गोल गोल पुसत. कापडातील कणाने तशी रेघ उमटली तर ती वाटेच्याच दिशेने जाते आणि सलग लांब खंड पाडते. मध्यापासून कडेकडे सरळ पुसले तर रेघ प्रत्येक वाटेला आडवी छेदते आणि तोटा दुरुस्तीच्या आवाक्यात राहतो. सीडीच्या चकाकत्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे पॉलिकार्बोनेट असते. माहितीचा थर मात्र छापील नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. म्हणून छापील बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो, आणि नेमकी तीच बाजू लोक निर्धास्तपणे टेबलावर टेकवत.

▪ पिवळी पिन आणि हरवलेले संवाद

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आली. लेझर ६५० नॅनोमीटरचा झाला, वाटांमधील अंतर ०.७४ मायक्रॉनवर आले आणि एका थरात ४.७ गिगाबाइट मावू लागले. चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे झाले, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट, आणि चित्रासाठी कमाल ९.८ मेगाबिटांची मुभा मिळाली. आवाज सहा वाहिन्यांचा झाला. फरक डोळ्यांना आणि कानांना स्पष्ट जाणवावा, असाच होता. तरीही अनेक घरांत ‘काही विशेष फरक नाही’ असे मत ऐकू येई. कारण तबकडीपासून डोळ्यापर्यंतच्या साखळीत आणखी दुवे होते.

पहिला दुवा पिवळ्या पिनेची तार. या एकाच तारेतून उजळता आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि दूरचित्रवाणी संच त्यांना पुन्हा वेगळे करतो. ही फारकत कधीच पूर्ण होत नाही. बारीक चौकटीच्या सदऱ्यावर किंवा काठाच्या नक्षीवर इंद्रधनुष्यी झळाळी नाचे ती यामुळे. ज्या जुन्या संचांना ही पिनही नव्हती, तेथे चित्र अँटेनाच्या वाटेने जाई आणि आणखी मलूल होई. तबकडीतील सुबत्ता दारापर्यंत येऊन परत जात होती.

दुसरा दुवा आवाजाचा. ‘गाणी मोठ्याने वाजतात, संवाद ऐकूच येत नाहीत’, ही तक्रार सर्वत्र होती. सहा वाहिन्यांच्या रचनेत संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असतात. प्लेअरच्या मागे सहा पिना असत, घरात मात्र दोनच स्पीकर. प्लेअरची मांडणी सहा स्पीकरांची ठेवून फक्त पुढचे दोन जोडले, की मधली वाहिनी कोठेच जात नसे आणि संवाद हरवत. मेन्यूमध्ये जाऊन आवाज दोन वाहिन्यांत मिसळण्याचा पर्याय निवडला, की ते परत येत. दोष ना तबकडीचा होता ना यंत्राचा. तो जोडणीचा होता. तरीही अशा तक्रारीपायी नवा प्लेअर घेणारे होते.

मात्र प्रेक्षकाचे निदान नेहमीच चुकते असे मानणेही चूक ठरेल. २००१ मध्ये अमेरिकेतील डॉन मन्सिल आणि स्टेसी स्पीअर्स यांनी डीव्हीडी प्लेअरमधील एका व्यापक दोषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गडद लाल रंगाच्या तिरप्या कडांवर आडव्या रेघांचे दाते दिसत. रंगाची माहिती चित्रात कमी ओळींत लिहिलेली असते आणि ती पडद्यासाठी पुन्हा वाढवावी लागते. हे वाढवण्याचे काम बऱ्याच प्लेअरमधील चिप चुकीच्या ओळी जोडून करत होत्या. महाग यंत्रेही त्यातून सुटली नव्हती. छोट्या पडद्यावर हा दोष दबून राहिला होता. मोठे पडदे आले आणि बारीक नजरेच्या प्रेक्षकांनी तो पकडला, तेव्हा प्लेअरची चूक खरोखरच प्लेअरचीच निघाली.

▪ मतांचे मोजमाप

खरे मत आणि आभास यांतील फरक करायचा कसा? यासाठीची पायाभूत शिफारस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नभोवाणीविषयक समितीने १९७४ मध्ये स्वीकारली. अहमद, नटराजन आणि राव यांचा निबंध ज्या वर्षी आला, तेच हे वर्ष. आज ‘बीटी ५००’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या शिफारशीत चित्राचा दर्जा ठरवण्याचे अंतिम साधन म्हणून माणसाचाच डोळा मानला आहे, पण शिस्तीने. खोलीतील प्रकाश आणि पडद्यापासूनचे अंतर ठरलेले असावे. निदान १५ निरीक्षक असावेत. त्यांची दृष्टी आणि रंगदृष्टी आधी तपासलेली असावी. प्रत्येकाने उत्कृष्ट, चांगले, बरे, निकृष्ट, वाईट अशा पाच पायऱ्यांवर गुण द्यावेत आणि मग त्यांची सरासरी काढावी. तिला ‘सरासरी मतांक’ म्हणतात. शेजारपाजारच्या मतांना मिळालेले हे शास्त्रीय रूप होते.

आवाजाच्या बाबतीत शिस्त आणखी कडक लागते, कारण कान फार लवकर फसतो. दोन प्लेअरपैकी एकाचा आवाज किंचित मोठा असला, तर तो ऐकणाऱ्याला मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी काटेकोर जुळवून, कोणता प्लेअर वाजतो आहे हे न सांगता ऐकवावे लागते. अशा एका चाचणीचे निष्कर्ष ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. सीडीहून उच्च दर्जाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांचा आवाज त्यांनी ऐकवला, कधी जसाच्या तसा, तर कधी सीडीच्या दर्जाच्या टप्प्यातून काढून. ५५४ प्रयत्नांत श्रोत्यांनी २७६ वेळा बरोबर ओळखले, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही एवढेच साधले असते.

विषय तेथे मिटला नाही. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात बरोबर ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक लहान, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकणारा, आणि प्रशिक्षित श्रोत्यांत अधिक ठळक. म्हणजे सीडीपलीकडचा फरक काहींना काही वेळा कळू शकतो. परंतु तो जेवढा गाजवला जातो तेवढा मोठा निश्चितच नाही.

▪ किंमत, दर्जा आणि मागे उरलेले

२००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने चित्रपटांच्या अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. तबकडीच्या किमतीवरून दर्जा ठरवण्याची सवय त्यामुळे मोडीत निघाली. दुसऱ्या बाजूला पदपथावर एकाच डीव्हीडीत पाच-सहा चित्रपट कोंबलेल्या अनधिकृत तबकड्या मिळत. त्यांचा हिशेब साधा आहे. ४.७ गिगाबाइट अडीच तासांच्या एका चित्रपटाला दिले तर दर सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट मिळतात. सहा चित्रपटांत वाटले तर ०.७ मेगाबिट, म्हणजे साध्या व्हीसीडीच्याही निम्मे. वेष्टनावर ‘डीव्हीडी’ लिहिलेले असे, प्लेअरही डीव्हीडीचा असे, आणि चित्र मात्र व्हीसीडीहून फिके निघे. त्याचा ठपका पुन्हा प्लेअरवरच येई.

आता ती पेटी बहुतेक घरांतून गेली आहे. मोझर बेअर अवसायनात निघाली. चित्रपट तारेतून आणि हवेतून येऊ लागले. पण पुसट जोडणीवर मोबाइलच्या पडद्यावर पावसाचे गाणे लावले, तर तेच चौकोन पुन्हा उमटतात, कारण आजच्या बहुतेक चित्रसंपीडनाच्या मुळाशी कोसाइन रूपांतराचेच कूळ आहे. आणि त्या चित्राचा दर्जा ठरवणारी यंत्रेही माणसांच्या मतांवरच शिकली आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुले केलेले ‘व्हीमॅफ’ हे मापन प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहून दिलेल्या गुणांवर घडवलेले आहे. यंत्राचा आकडा माणसांच्या मतांशी किती जुळतो, यावरच अशा मापनाची योग्यता ठरते.

घरोघरच्या त्या मतांचा हिशेब मांडला तर तो असा निघतो. ‘चौकोन दिसतात’, ‘संवाद हरवतात’, ‘रंग झळाळतात’, ही सारी निरीक्षणे खरी होती. त्यांचे कारण बहुधा तबकडीत, तारेत किंवा मांडणीत होते आणि दोष प्लेअरला मिळाला. ‘ओरखडे चालवून घेतो’ हे मत मात्र यंत्राच्या खऱ्या गुणाविषयी होते, आणि माहितीपत्रकात ते क्वचितच सापडे. तक्रार करणाऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि त्याने सांगितलेले कारण एक-एक दुवा बदलून तपासावे : तीच तबकडी दुसऱ्या प्लेअरवर, तोच प्लेअर दुसऱ्या तारेवर. अनेक अनुभवी दुरुस्तीवाले दुकानात हेच करत असत, आणि प्रयोगशाळेतही रीत हीच आहे.

#विज्ञानाचाइतिहास #नासिरअहमद #अंकीयतंत्रज्ञान